पुनर्विकासाच्या करारात माती मागा

कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर, सहकारनगर, कुठल्याही गल्लीत शिरा; जुन्या सोसायटीच्या पाटीशेजारी बिल्डरचा फलक दिसतोच. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीतही सध्या हीच चर्चा आहे. कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं, गाड्यांच्या जागा किती, यावर सभेत तासन्‌तास बोलणं होतं. ते व्हायलाच हवं, आयुष्यभराच्या कमाईचा प्रश्न आहे. पण इमारतीभोवतीच्या फुलझाडांच्या वाफ्यांचं काय, असं मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘बिल्डर लँडस्केपिंग करून देणारच आहे.’ त्या उत्तराने माझं समाधान झालेलं नाही. वाफ्यांसाठी जमिनीला लागलेली माती हवी आणि ती करारात लिहून हवी, असं माझं ठाम मत आहे.

हे वाफे मी बरीच वर्षं सांभाळते आहे. पूर्वेला कुंपणालगत मागच्या बाजूला प्राजक्त आणि तगर, त्यांच्यापुढे जास्वंद आणि अनंत, अगदी पुढे अबोली आणि कोरांटी. उत्तरेच्या सावलीत ओल टिकते, तिथे सोनटक्का आणि कर्दळ. दिवसभर ऊन खाणाऱ्या दक्षिणेच्या पट्ट्यात मोगरा, गुलाब आणि शेवंती. ऊन, सावली आणि पाण्याचा ओघळ बघत ही मांडणी ठरत गेली. इमारतीच्या भिंतीपासून हातभर अंतर सोडायचं, नाहीतर ओल घरात शिरते. एकाच बाजूने हात पोचणार असेल तर वाफा तीन फुटांपेक्षा रुंद करायचा नाही, म्हणजे खुरपताना माती तुडवावी लागत नाही.

या वाफ्यांचं वर्ष आपल्या सणांबरोबर चालतं. तेरडा पावसाळ्यात आपला आपण उगवतो आणि गौरींच्या वेळी फुललेला असतो. पाऊस सरला की ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी. मोगऱ्याचं पाणी डिसेंबरात तोडायचं, जानेवारीत छाटून शेणखत घालायचं, मग उन्हाळा लागताच कळ्या धरतात. शेवंतीचा बहर संपला की बुंध्याशी फुटलेल्या काश्या पुढच्या लागवडीसाठी राखायच्या. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल. वाळलेला पाला जाळायचा नाही, वाफ्यावरच पसरायचा. उन्हाळ्यात मातीची ओल त्याच्याखालीच टिकते. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम हेच सांगतो आणि ज्यांच्याकडे पाला जास्त आहे त्यांची गाठ पाला हवा असणाऱ्यांशी घालून देतो.

आता नव्या इमारतींत काय मिळतं ते पाहा. तळघर आणि पोडियम बहुतेक वेळा प्लॉटच्या कडेपर्यंत जातात, उरलेल्या जागेत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक. बाग असते ती स्लॅबवर. ओल्या मातीचं वजन घनमीटरला सुमारे पावणेदोन टन भरतं. म्हणजे दीड फूट मातीचा वाफा स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ ८०० किलोंचा भार टाकतो. तो टाळण्यासाठी मातीचा थर पातळ ठेवतात, कोकोपीट मिसळतात आणि उथळ मुळांची झाडं लावतात : लॉन, ड्युरांटा, शोभेचे पाम. काही वर्षांनी वॉटरप्रूफिंग निकामी होतं, खालच्या गाड्यांवर पाणी ठिबकू लागतं आणि सभेत वाफे काढून टाकण्याचा ठराव येतो. यात माळ्याचा दोष नसतो, झाडांचाही नसतो. मूळ आराखड्यातच बागेला जमीन दिलेली नसते.

या बागेत देवाला वाहायला फूल मिळत नाही, रात्री वास येत नाही. ब्ल्यू मॉरमॉन हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांच्या पानांवर वाढते. कोपऱ्यात एक लिंबाचं झाड असेल तर ते सोसायटीत येऊ शकतं, ड्युरांटाच्या कुंपणाने त्याच्या अळीचं पोट भरत नाही.

पाण्याचा हिशेब तर सगळ्यांनाच पटावा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर उघड्या मातीवर त्याचे ७० हजार लिटर होतात आणि त्यातलं बरंच पाणी जमीन पिते. तिथेच काँक्रीट घातलं की ते सगळं रस्त्यावर, तिथून ओढ्यात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. आमच्या वाफ्यांनी तो पूर अडला नसता, हे मला कळतं. पण प्रत्येक प्लॉटने आपल्या वाट्याचं पाणी बाहेर ढकललं तर ओढ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

झाडांना निदान कायद्याचा आधार आहे. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे तोडण्याआधी परवानगी लागते, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्षांचा दर्जा मिळाला. मोगरा, अबोली आणि त्यांच्याखालच्या मातीची मात्र कुठे नोंदही होत नाही. म्हणून ती जबाबदारी सभासदांची. सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाचे महत्त्वाचे निर्णय सभासदांच्या विशेष सर्वसाधारण सभेत होतात. बिल्डर नेमण्यापूर्वी आपल्या अटी टेंडरमध्ये घालण्याची संधी तिथेच असते. आराखडा मंजूर झाल्यावर वाफ्यांसाठी जागा शोधणं अशक्य असतं.

पार्किंगची अडचण खरी आहे. अग्निशमनाच्या गाडीसाठी इमारतीभोवती कठीण, मोकळा रस्ता सोडावाच लागतो, त्यावर वाफा करा असं मी म्हणणार नाही. पण कुंपणालगतचा पट्टा, प्लॉटचे कोपरे आणि प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजू सुरुवातीलाच राखून ठेवल्या तर तळघराची भिंत तेवढी आत घेता येते. देखभालीच्या खर्चाची भीतीही अनाठायी आहे. रोज पाणी मागणाऱ्या आणि सारख्या कापाव्या लागणाऱ्या लॉनपेक्षा जास्वंद, कोरांटी, तगर कितीतरी कमी खर्चात जगतात.

म्हणून करारात तीन अटी हव्यात. कुंपणालगत निदान तीन फूट रुंदीचा, खाली स्लॅब नसलेला पट्टा नकाशावर दाखवावा. खोदकामाच्या वेळी वाफ्यांतली वरची माती वेगळी काढून जपावी आणि राडारोड्याऐवजी तीच परत भरावी. जुन्या झाडांची कलमं आणि कंद काम सुरू होण्याआधी काढून नेण्यासाठी सभासदांना एक पावसाळा मिळावा.

एम्प्रेस गार्डन सांभाळणारी संस्था १८३० सालची आहे आणि तिथलं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन पाहायला सगळं पुणे लोटतं. या शहराला फुलांची हौस आहे, याला आणखी पुरावा नको. ती हौस वर्षातल्या चार दिवसांपुरती उरू नये. फ्लॅटची फरशी, रंग, खिडक्या पुढे कधीही बदलता येतात. स्लॅबखाली गेलेली जमीन आपल्या हयातीत परत मिळत नाही. आमच्या पुढच्या सभेत मी या तीन अटींचा ठराव मांडणार आहे. तुमच्या सोसायटीतही कुणीतरी तो मांडावा.