पेट्रोलचा वास आला, तर आधी झाकण पाहा!



गॅसचा रेग्युलेटर नीट बसला नसेल तर घरात सगळ्यांत आधी वास कुणाला येतो? आपल्यालाच. दूध करपायला लागलं की बाहेरच्या खोलीतूनही कळतं. मग मुलांना शाळेत सोडताना गाडीत पेट्रोलचा वास आला, तर "असेल काहीतरी" म्हणून नुसत्या काचा खाली करून का भागवायचं? या वासामागे काय असू शकतं आणि गॅरेजात जाण्याआधी आपण काय काय पाहून ठेवायचं, ते आज बघू या.

पण त्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गाडीखाली थेंब पडत असतील, ओला डाग दिसत असेल किंवा वास डोकं धरण्याइतका उग्र असेल, तर गाडी सुरू करायचीच नाही. सगळ्यांना खाली उतरवा, जवळपास काडी, विडी-सिगारेट, उदबत्ती काही नको, आणि मेकॅनिकलाच गाडीपाशी बोलवा. इथे घरगुती उपाय नाही. पुढे सांगते आहे ते थेंब नसताना मधूनमधून येणाऱ्या वासाबद्दल.

हा वास असतो पेट्रोलच्या वाफेचा. पेट्रोल उकळावं लागत नाही. उघड्या वाटीतलं स्पिरिट उडतं तसं तेही आपोआप उडतं. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत तर विचारूच नका! पूर्वी ही वाफ सरळ हवेत जायची आणि शहरातल्या धुरक्यात भर घालायची. म्हणून कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि साऱ्या अमेरिकेत १९७१ च्या गाड्यांपासून ती कोंडून ठेवण्याची सक्ती झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांतही या वाफेवर मर्यादा आहे, आणि त्याआधीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांतही ही सोय असते. डिझेल गाडीत मात्र ती नसते.

सोय अगदी साधी आहे. टाकीला घट्ट झाकण. टाकीतली वाफ नळीवाटे एका डब्यात जाते. या डब्याला मेकॅनिक 'कॅनिस्टर' म्हणतात. त्यात असतो कोळसा, आपल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो ना, त्याच जातीचा. तो वाफ धरून ठेवतो. इंजिन तापलं की 'पर्ज व्हॉल्व्ह' नावाची विजेवर चालणारी छोटी झडप उघडते, बाहेरची हवा डब्यातून ओढली जाते आणि कोळशातली वाफ इंजिनात जाऊन जळते. म्हणजे पाहायच्या जागा पाच : झाकण, नळ्या, झडप, डबा आणि बाहेरची हवा आत घेणारं तोंड. याच क्रमानं जायचं, स्वस्तातून महागाकडे.

झाकण : काखेत कळसा अन् गावाला वळसा, अशी गत इथेच होते. झाकण काढून त्याची रबरी रिंग बोटानं चाचपा. कुकरची रिंग जशी कडक होते, चिरते, तशीच ही. रिंग चांगली असेल तर कडा स्वच्छ फडक्यानं पुसा आणि 'कट्‌ कट्‌' आवाज येईपर्यंत झाकण फिरवून बसवा. रिंग खराब दिसली तर झाकणच बदला, पण आपल्या गाडीच्या मापाचंच घ्या.

नळ्या : रबरी नळी उन्हानं आणि वयानं चिरते. शिवाय आपल्याकडे उंदीर! आमच्या शेजारच्या वहिनींच्या गाडीला असाच वास येत होता. एका गॅरेजवाल्यानं "टाकीच बदलावी लागेल" म्हणून भलामोठा आकडा सांगितला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आधी वाफ कुठून निघते ते मला दाखवा, मग टाकीचं बोलू." दुसऱ्या मेकॅनिकनं गाडी वर उचलली, तर डब्याकडे जाणारी नळी उंदरानं कुरतडलेली! वीतभर नळी बदलली आणि काम झालं. नुसत्या डोळ्यांना भोक दिसलं नाही, तर मोठ्या गॅरेजात 'स्मोक टेस्ट' करतात. नळ्यांत अगदी हलक्या दाबानं धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. घरी असला प्रयोग मुळीच करायचा नाही, बरं का!

झडप : पेट्रोल भरून निघताना गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, किंवा उभ्या गाडीत इंजिन धडधडत राहतं? मग झडप उघडीच अडकली असण्याचा संभव आहे. वीज नसताना ही झडप बंद असली पाहिजे. मेकॅनिकला ती काढून तुमच्यासमोर फुंकून पाहायला सांगा. हवा आरपार गेली तर झडप खराब. न जाता अडली तरी झडप चांगलीच असं नाही. वीज दिल्यावर ती उघडते का, तेही पाहायला लावा.

डबा आणि तोंड : पंपावर टाकी अर्धीच भरली असताना नोझल पुन्हा पुन्हा 'खट्‌' करून बंद पडतं का? तर वाफेला आणि हवेला बाहेर पडायची वाट बहुधा तुंबली आहे. धूळ, चिखल, किड्यांची घरटी अशी कारणं असतात. हसू नका! २०११ साली माझदा कंपनीनं उत्तर अमेरिकेतून साठ हजारांवर गाड्या परत बोलावल्या, त्या एका जातीचे कोळी या नळीत जाळी विणत होते म्हणून. वाट तुंबली की टाकीवर ताण येतो आणि तिला चीरही जाऊ शकते.

आता समोरच्या पिवळ्या दिव्याविषयी. पुष्कळ जणींना वाटतं, दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक. इथेच फसगत होते. अमेरिकेतल्या नव्या गाड्या अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाची गळतीसुद्धा स्वतः शोधतात. तिथे असलेल्या तुमच्या बहिणीनं किंवा नणंदेनं पी ०४५७ हा आकडा सांगितला तर समजा, झाकण सैल. पी ०४५५ म्हणजे मोठी गळती, पी ०४४२ म्हणजे लहान, पी ०४५६ म्हणजे अगदी बारीक. झाकण घट्ट केल्यावरही दिवा लगेच विझत नाही, काही फेऱ्या व्हाव्या लागतात. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्या मात्र झडपेची तार तुटली का एवढंच पाहतात. तेव्हा दिवा लागतो आणि पी ०४४३ किंवा पी ०४४४ असा आकडा येतो. नळी चिरली तर दिवा गप्पच राहू शकतो. म्हणजे इथे आपलं नाकच खरं!

आकडा आला तरी तो जागा सांगतो, रोग नाही. डॉक्टर ताप पाहतात, पण नुसत्या तापावरून ऑपरेशन करत नाहीत, हो ना? तेव्हा आकडा कागदावर लिहून घ्या, काढलेला जुना भाग परत मागा, आणि वास कधी येतो याची नोंद न्या : उन्हात उभी राहिल्यावर, पेट्रोल भरल्यावर, की एसी लावल्यावर? इतकी माहिती घेऊन गेलेल्या बाईला कुणी सहजासहजी टाकी विकत नाही.

आणि एक सवय आजपासून सोडा. नोझल आपोआप बंद झालं, की पंपावरचा मुलगा विचारतो, "ताई, राऊंड फिगर करू?" स्वच्छ नाही म्हणा. वरपर्यंत कोंबलेलं पेट्रोल वाफेच्या नळीतून थेट कोळशाच्या डब्यात उतरू शकतं. कोळसा वाफेसाठी आहे, पेट्रोलसाठी नाही. एकदा भिजला की पूर्वीसारखा राहत नाही आणि डबाच बदलावा लागतो. वीस-तीस रुपयांच्या राऊंड फिगरपायी हजारोंची फोडणी कशाला?

मुलं मागच्या सीटवर बसतात, मैत्रिणींनो. तो वास त्यांच्या नाकातही जातो. उद्या सकाळी गाडी काढण्याआधी दोन मिनिटं काढा आणि झाकणाची रिंग तेवढी पाहून घ्या.