अनुक्त आणि असत्य : आत्मचरित्राच्या समीक्षेतील एक प्रश्न

आत्मचरित्रकाराने जे सांगितले नाही, त्यासाठी त्याला खोटे ठरवावे काय, हा प्रश्न मराठी आत्मचरित्रांच्या चर्चेत पुनःपुन्हा उपस्थित होतो. अमुक प्रसंग लेखकाने ‘दडवला’, असा आक्षेप घेतला जातो आणि तेवढ्यावरच त्याच्या प्रामाणिकपणाचा निकाल लावला जातो. ही घाई समर्थनीय नाही. निवेदन म्हणजे निवड. वगळणे हेच असत्य मानले, तर एकही आत्मचरित्र सत्य ठरणार नाही आणि ‘असत्य’ या संज्ञेलाही काही अर्थ उरणार नाही.

तथापि, ‘खोटे काहीच सांगितलेले नाही’ हा बचावही पुरेसा नाही. द्रोणपर्वात युधिष्ठिर अश्वत्थामा मारला गेल्याचे स्पष्ट सांगतो आणि ‘हत्ती’ हा शब्द अस्पष्ट उच्चारतो. त्या नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. म्हणजे शब्दशः विधान खरे होते. तरीही भूमीपासून चार अंगुळे वर राहणारा त्याचा रथ खाली टेकला, असे महाभारत सांगते. मराठीत ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार कोणतीच बाजू न घेण्याच्या अर्थाने रूढ झाल्यामुळे मूळ प्रसंगातील दोष सौम्य भासतो. युधिष्ठिर तटस्थ नव्हता. द्रोणाचार्यांनी काय समजावे, हे आधीच ठरलेले होते. श्रोत्याच्या मनात हेतुतः निर्माण केलेली ती समजूत हेच येथील असत्य होय.

हा निकष आत्मचरित्राला लावून पाहता येईल. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती रानडे यांच्या १९०१ मधील निधनापाशी त्यातील निवेदन थांबते; सेवासदनाच्या कार्यात पुढे अग्रभागी असलेल्या रमाबाई त्यात भेटत नाहीत. हे मौन त्या काळातील पत्नीधर्माच्या कल्पनेविषयी पुष्कळ सांगून जाते, पण ते असत्य नव्हे. शीर्षकातील ‘आमच्या’ आणि ‘काही’ हे दोन शब्दच निवेदनाची मर्यादा उघड करतात. मौन कोठे सुरू होते, हे वाचकाला दिसते.

अधिक गंभीर प्रश्न सामूहिक मौनाचा आहे. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध होण्यापूर्वी अभ्यासक्रमांत मान्यता पावलेल्या बहुतेक आत्मचरित्रांतील गाव वेशीपाशीच संपत असे. त्या लेखकांपैकी कोणी एकाने खोटे विधान केले, असे म्हणता येणार नाही. प्रत्येकाने आपापले आयुष्य सांगितले. परंतु त्या आत्मचरित्रांतून उभे राहणारे चित्र ‘मराठी जीवन’ म्हणून जेव्हा वर्गांत शिकवले गेले, तेव्हा अंशाला पूर्णत्वाचे नाव मिळाले. या असत्याचे उत्तरदायित्व लेखकांपेक्षा समीक्षकांवर आणि अध्यापकांवर अधिक येते. ‘बलुतं’मध्ये पांढरपेशा झालेला दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. सांगावे की गप्प बसावे, हा ताण तेथे निवेदनाच्या रचनेतच उतरला आहे.

म्हणून समीक्षेने ‘काय वगळले?’ एवढे विचारून थांबू नये. वगळल्याची खूण संहितेत आहे काय, हेही पाहावे. कोणाची तरी अब्रू राखण्यासाठी, किंवा जखम अजून ओली आहे म्हणून, लेखक गप्प राहू शकतो. तो त्याचा अधिकार आहे. येथे काहीच नव्हते, असे भासवण्याचा अधिकार मात्र त्याला नाही, आणि तो भास अभ्यासक्रमातून पुढच्या पिढीकडे सोपवणाऱ्यांना तर मुळीच नाही.