मेनू कार्ड नाही, तरी बुकिंग फुल्ल!

आल्प्समधला 'टूर द्यू माँ ब्लाँ' ट्रेक ऐकलाय? फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असा साधारण 170 किलोमीटरचा फेरा, दहा-अकरा दिवसांचा. दिवसभर चालायचं आणि रात्री डोंगरातल्या हटमध्ये मुक्काम.

आता या हटवाल्यांचा धंदा बघा. सीझन जेमतेम तीन महिने, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. आल्प्समधल्या कित्येक हटना रस्ताच नाही, माल हेलिकॉप्टरने येतो. मग वीस भाज्या कुठून ठेवणार? रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी, सगळ्यांना एकच. व्हेज पाहिजे? बुकिंग करतानाच सांगा. बूट दाराशी काढा, आत घालायची चादरीची पिशवी घरून आणा. बऱ्याच ठिकाणी ॲडव्हान्स भरल्याशिवाय गादी मिळत नाही. येणार नसाल तर कळवायचंच, नाहीतर तुम्ही डोंगरात अडकलात असं समजून शोधाशोध सुरू व्हायची!

आणि लोक हे सगळं आनंदाने पाळतात, कारण आधीच सांगितलेलं असतं. गिऱ्हाईक चिडतं ते आयत्या वेळी नियम कळला की.

आपल्याकडे होमस्टेवाला शनिवारची खोली नुसत्या फोनवर अडवून ठेवतो. पाहुणा येत नाही, मासे वाया. माझं स्पष्ट मत आहे, हा भिडस्तपणा धंदा खातो.

हां, एक फरक आहे. तिथे पुढची हट कित्येकदा काही तास चालल्यावर येते, तुमचा स्पर्धक समोरच्या गल्लीत आहे. एकच मेनू तुम्हाला कदाचित झेपणार नाही. पण ॲडव्हान्स? तो या शनिवारपासून घ्या.