तळ पाहून लोखंड घ्यावे

टोकावड्याचे भातखाचर जुलैत पोटरीपर्यंत पाय गिळते, आणि एप्रिलमध्ये त्याच खाचरावर मारलेली कुदळ ठणकन उलटून येते. नांगर धरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. फाळ फार खोल जाऊ लागला की तो पाचर ठोकतो, हळस आणि फाळ यांतला कोन बदलतो, आणि नांगर वर येतो. गोल्फवर लिहिताना आम्ही माळशेजच्या पायथ्याशी का आलो, ते यावरून कळावे. गोल्फची ‘आयर्न’, म्हणजे धातूच्या डोक्याचा दांडा, घेणारा गिऱ्हाईक तिचा चेंडूला लागणारा चेहरा न्याहाळतो, चेंडू किती लांब जाईल ते विचारतो. मातीला लागणारा तळ मात्र उलटा करून पाहत नाही.

चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान असो की सिडकोचे खारघरचे, पाऊस तोच आणि उन्हाळाही तोच. पुण्याच्या उदयन मानेने टोकियो ऑलिंपिकपर्यंत मजल मारली तेव्हापासून मराठी घरांत या खेळाचे नाव निघू लागले. साहित्य घेताना मात्र आपण अजूनही जाहिरातीच्या भाषेवर विसंबतो.

आयर्नच्या तळाची पुढची कड धारेसारखी असते. दांडा सरळ उभा धरला की तळाचा मागचा भाग या कडेपेक्षा खाली राहतो. तळ जमिनीशी जो कोन करतो, त्याला बाउन्स म्हणतात. बाउन्स चार-पाच अंश असेल तर कड मातीत सहज शिरते. बारा-चौदा असेल तर तळ घसरून वर येतो. ओल्या, भुसभुशीत जमिनीत कमी बाउन्सचा दांडा फावड्यासारखा रुततो, ढेकूळ उडते आणि चेंडू तिथेच राहतो. कडक जमिनीवर जास्त बाउन्सचा दांडा आपटून उसळतो आणि कड चेंडूच्या पोटाला लागते. उभा घाव घालणाऱ्याला जास्त बाउन्स सोसतो, झाडूसारखा आडवा फटका मारणाऱ्याला कमी. हात चेंडूच्या पुढे झुकले की बाउन्स घटतो, चेहरा उघडला, म्हणजे आकाशाकडे फिरवला, की वाढतो. म्हणूनच कारागीर टाच आणि मागची कड घासून काढतात. तळाची ही घासणी म्हणजे ‘ग्राइंड’. तिच्यामुळे चेहरा उघडूनही पुढची कड जमिनीला चिकटून राहते.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेच्या जीन सॅराझेनने आपल्या दांड्याच्या तळाला मागच्या बाजूने डाग देऊन धातू चढवला, आणि वाळूत रुतणारा दांडा वाळूवरून सरकू लागला. विमानाच्या शेपटाकडे पाहून हे सुचले, असे तो सांगत असे. १९३२ साली त्याने ब्रिटिश ओपन जिंकले.

डोक्याच्या आकाराबद्दल थोडक्यात. पाठ पोकळ करून वजन कडांना नेले की चेंडू मध्यापासून चुकला तरी फटका कमी वळतो. त्या सुटकेसाठी बारीक पात्याच्या ‘ब्लेड’ची जाणीव सोडावी लागते. नवशिक्याने ती खुशाल सोडावी. ब्लेडचा मान मोठा, पण आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला तो परवडत नाही. रुंद तळही चुका झाकतो, पण कडक जमिनीवर जड जातो.

आमची तक्रार एकच. दुकानात आयर्न आजमावली जाते ती गादीवर. प्लास्टिकच्या त्या हिरव्या पट्टीवर चेंडूमागे दोन इंच पडलेला घावही सरकत जाऊन चेंडूला लागतो, आवाजही बरा येतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे मोजतो. मातीत तोच घाव फसला असता. गादी तळाची परीक्षा घेतच नाही, आणि तळच तर आपण विकत घेतो.

तेव्हा आयर्न घेण्याआधी एक उसना दांडा मिळवा, ज्या मैदानावर खेळायचे तिथे पावसात एकदा आणि मार्चनंतर एकदा दहा-दहा फटके मारा, आणि उडालेल्या ढेकळांकडे नीट पाहा.