खाणीने गाव श्रीमंत होत नाही

दरडोई उत्पन्नाची राज्यवार आकडेवारी आली की गोवा देशात अगदी वरच्या क्रमांकांत दिसतो आणि पणजीत श्रेयाची वाटणी सुरू होते. कोणी म्हणतो ही पोर्तुगिजांची पुण्याई, कोणी म्हणतो खनिजाची. मग पेडणे, डिचोली हे तालुके मागे का राहिले? तर म्हणे तिथल्या माणसांत धडाडीच नाही. पहिली दोन मते मला चुकीची वाटतात. तिसऱ्याचा मला राग येतो.

पोर्तुगिजांनी पणजीत 1842 मध्ये वैद्यकीय विद्यालय काढले, 1854 मध्ये लिसेव (माध्यमिक विद्यालय) सुरू केले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण राज्यकर्त्यांच्या संस्कृतीतून समृद्धी येत असती, तर ती आधी त्यांच्याच घरी दिसली असती. एके काळी ब्राझीलचे सोने लुटलेला, आफ्रिकेत अवाढव्य वसाहती राखलेला पोर्तुगाल हुकूमशहा सालाझारच्या अमलात पश्चिम युरोपातील सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. पेडणे आणि डिचोली हे प्रांत अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या हाती आले. नव्या काबिजादीतल्या (नव्याने जिंकलेल्या मुलखातल्या) या खेड्यांत त्यानंतर पावणेदोनशे वर्षे अक्षरओळख झाली ती बहुतेक गावानेच पोसलेल्या मास्तराकडून, देवळाच्या आवारात. हिंदूंना समान हक्क मिळायला 1910 चे प्रजासत्ताक यावे लागले. 1961 मध्ये पोर्तुगीज गेले तेव्हा गोव्यातली साक्षरता जेमतेम 31 टक्के होती.

आता खनिज. 2010-11 मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झाले. मांडवीतून बार्जांची रांग तुटत नव्हती. या खाणपट्ट्यांचे मूळ होते पोर्तुगीज राजवटीने मोजक्या घराण्यांना दिलेल्या सवलतींत. 1987 च्या कायद्याने त्यांचे रूपांतर भाडेपट्ट्यांत झाले. 2009 पर्यंत सरकारला टनामागे मोजके रुपये स्वामित्वधन मिळे. डिचोलीतल्या शिरगाव, मुळगावच्या वाट्याला आला शेतात उतरलेला गाळ आणि आटलेले पाणी. 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. 22 नोव्हेंबर 2007 नंतरचे सारे उत्खनन बेकायदा होते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला. जवळजवळ पाच वर्षे सर्वांच्या डोळ्यांदेखत चाललेल्या या लुटीला विकास कसे म्हणायचे?

खनिज असूनही कंगाल राहिलेले देश जगात थोडे नाहीत. काँगो हे त्यांतले ठळक उदाहरण. उलट बोट्सवाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा आफ्रिकेतील अत्यंत दरिद्री देशांत गणला जाई. पुढे हिरे सापडले, सरकारने हिरे कंपनीत निम्मा वाटा घेतला आणि तो पैसा रस्ते, शाळा, दवाखान्यांकडे वळवला. दोन्हीकडे जमिनीखाली धन होते. फरक पडला तो हिशेब कोणाच्या हाती होता याने.

लोकांना आळशी ठरवणाऱ्यांनी एकदा डिचोली तालुक्यातल्या मये गावाचा इतिहास वाचावा. मुक्तीनंतर इथला जमीनदार, मयेचा कोंद (काउंट), पोर्तुगालला गेला आणि त्याची जमीन 1964 च्या कायद्याने परागंदा मालमत्ता म्हणून सरकारी रखवालदाराकडे गेली. पिढ्यानपिढ्या तिथे घर करून राहिलेली, जमीन कसणारी माणसे आपल्याच गावात नावाविना राहिली. घर वाढवायचे तर परवानगी अडते, कर्ज हवे तर तारण नाही. या जमिनी सोडवण्याचा कायदा व्हायला 2014 साल उजाडले, तोही लोक लढले म्हणून. अर्धे शतक ज्याच्या हाती कागद दिला नाही, त्याला धडाडी नाही म्हणणे हा अन्याय आहे.

मग गोवा वर आला कशाने? माझ्या मते कुळांचे आणि मुंडकारांचे (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्यांचे) हक्क आणि गावोगावची शाळा यांनी. पेडण्यात जन्मलेले भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक. पण 1963 मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा उघडल्या आणि 1964 मध्ये कूळ कायदा आणला. त्यांच्यानंतरच्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर यांच्या कारकिर्दीत 1975 चा मुंडकार कायदा झाला. भाटकाराने मनात येईल तेव्हा घराबाहेर काढायचे दिवस संपले. 2011 पर्यंत साक्षरता 88 टक्क्यांवर गेली. पर्यटन, औषध कारखाने, परदेशी नोकऱ्या यांचा लाभ ज्यांना घेता आला, ते बव्हंशी या शाळांतून शिकलेले होते. असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना 2024 चे नोबेल मिळाले ते राष्ट्रांच्या समृद्धीत संस्थांचा वाटा दाखवल्याबद्दल. गोव्याच्या खेड्याने ते आधीच अनुभवले होते.

आता पेडण्यात शेतकऱ्यांच्या जमिनीवर मोपाचा विमानतळ उभा आहे आणि डिचोलीत लिलावानंतर खाण पुन्हा सुरू झाली आहे. या वेळी तरी मयेतल्या प्रत्येक घराला सनद द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निवाड्यातून आलेल्या कायमस्वरूपी खनिज निधीचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडा. आणि पेडणे, डिचोलीच्या नागरिकांनो, तो मांडला नाही तर ग्रामसभेत उभे राहून मागा.