तेच चौघे, नाव दुसऱ्याचं

या आठवड्यात गाणी ऐकण्याच्या एका ॲपवर ‘कॉलिंग बॅटन रूज’ लागलं. पडद्यावर नाव एकच : अमेरिकन कंट्री गायक गार्थ ब्रूक्स. बँजो कुणाचा, मँडोलिन कुणाचं, याबद्दल एक ओळही नाही. साथीदारांची नावं गाळण्याविरुद्धची या सदराची तक्रार जुनी आहे आणि वाचकांना ती पाठ झाली असेल. तरीही ती पुन्हा करायला हवी, कारण या गाण्यात वाजवणारी मंडळी नुसती साथीदार नव्हती. ब्रूक्सच्या मुद्रणाच्या चारच वर्षं आधी हेच गाणं त्यांनी स्वतःच्या बँडच्या नावावर काढलं होतं. तो बँड न्यू ग्रास रिव्हायव्हल.

या बँडवरच्या मागच्या लेखानंतर काही वाचकांनी कळवलं की, खरा बँड १९८१ मध्येच संपला. पुढचं सगळं नॅशव्हिलच्या कंट्री संगीताच्या बाजारासाठी केलेलं. हे मत अमेरिकेतही बरंच रुजलेलं आहे. त्यामागचं प्रेम समजण्यासारखं आहे. १९७१ मध्ये केंटकीच्या लुइव्हिल शहरात ‘ब्लूग्रास अलायन्स’मधून बाहेर पडलेल्या चौघांनी बिल मन्रोच्या ब्लूग्रास घराण्याला जे धक्के दिले, ते आजही ताजे वाटतात. सॅम बुश, कर्टनी जॉन्सन, कर्टिस बर्च आणि एबो वॉकर यांची पहिली तबकडी १९७२ मध्ये स्टारडेने काढली. तीत लिऑन रसेलचं गाणं होतं आणि जेरी ली लुईसचं गाजलेलं रॉक अँड रोलही. मग जॉन कावन इलेक्ट्रिक बास घेऊन आला. फ्लाइंग फिश कंपनीसाठी १९७५ ते १९८१ या काळात पाच तबकड्या झाल्या. त्यांतली १९७७ ची ‘टू लेट टू टर्न बॅक नाऊ’ कोलोरॅडोतल्या टेल्युराइड महोत्सवात प्रत्यक्ष मैफलीतच मुद्रित झालेली. कर्टनीचा बँजो तिथे एकेका सुराशी रेंगाळतो, परततो, आणि पुन्हा वेग पकडतो. (हा आपल्या मिरवणुकीतला बेंजो नव्हे, हे मागेच सांगून झालं आहे.) त्या तबकडीपुढे बँडच्या नंतरच्या तबकड्या घट्ट बांधलेल्या वाटतात, हेही खरं.

पण घट्ट बांधणी म्हणजे तडजोड, हे कुणी ठरवलं?

१९८१ मध्ये कर्टनी आणि बर्च बाहेर पडले. त्यांच्या जागी बेला फ्लेक आणि पॅट फ्लिन आले. शुगर हिलवर १९८४ मध्ये ‘ऑन द बुलेव्हार्ड’ निघाली, १९८६ मध्ये बँड ईएमआयकडे गेला आणि तिथून कॅपिटलकडे. कॅपिटलची दुसरी आणि बँडची अखेरची स्टुडिओ तबकडी म्हणजे १९८९ ची ‘फ्रायडे नाइट इन अमेरिका’. ‘कॉलिंग बॅटन रूज’ तिच्यात आहे. गाणं डेनिस लिंडे यांचं. ओक रिज बॉइजनी ते १९७८ मध्येच म्हटलं होतं. प्रवासात एका मुक्कामावरून लुइझियानातल्या प्रेयसीला फोन लावण्याची घाई, एवढाच विषय. न्यू ग्रास रिव्हायव्हलने त्या घाईला बँजोचे पाय दिले. बिलबोर्डच्या कंट्री यादीत गाणं ३७ व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि थांबलं. त्या यादीत पहिल्या चाळिसात गेलेलं बँडचं हे एकमेव गाणं.

आता दुसरं मुद्रण. ब्रूक्सच्या १९९३ च्या ‘इन पीसेस’साठी बुश, फ्लेक, कावन आणि फ्लिन पुन्हा एकत्र आले, सोबत डोब्रोवर जेरी डग्लस. १९९४ मध्ये हे गाणं त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. कंपनीही एका अर्थाने तीच, कारण कॅपिटलच्या नॅशव्हिल शाखेवर तेव्हा लिबर्टी अशी पाटी होती. दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकावीत. धाव तीच, गाण्याची मांडणी जवळजवळ तीच. ठळक फरक आवाजाचा. कावनचा आवाज उंच, सोल संगीतात मुरलेला, शब्द अक्षरशः वर फेकणारा. ब्रूक्सचा खालचा, गप्पा मारल्यासारखा, आणि १९९३ पर्यंत अमेरिकेतल्या घराघरात पोहोचलेला.

कावनचं गाणं अधिक धीट आहे, असं या सदराचं ठाम मत आहे. पण मुख्य मुद्दा आवाजाचा नाही. ज्या वाजवण्याला ‘बाजारासाठी पातळ केलेलं’ म्हणून नाकं मुरडली गेली, ते बाजाराने त्या वेळी घेतलंच नव्हतं. चार वर्षांनी दुसऱ्याचं नाव लागलं आणि तेच वाजवणं देशभर गाजलं. या चौघांनी आपला सूर बाजाराला विकला असता, तर १९८९ मध्ये तो विकला गेला असता. तो त्यांचाच होता. बदलला तो तबकडीच्या दर्शनी भागावरचा चेहरा. आणि नभोवाणीच्या निवेदकांनी १९९४ मध्ये गाण्यामागोमाग ही चार नावं घेतली असती, तर जुन्या तबकडीलाही नवं आयुष्य मिळालं असतं, यावर या सदराचा विश्वास आहे.

पुढे बॅटन रूज शहराने तर हे गाणं दत्तकच घेतलं. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या टायगर स्टेडियममध्ये ते फुटबॉलच्या सामन्यांना वाजतं. ३० एप्रिल २०२२ रोजी ब्रूक्सने तिथे ते गायलं तेव्हा लाखभर माणसं अशी नाचली की विद्यापीठाच्या भूकंपमापकावर नोंद उमटली.

या चौघांतल्या बँजोवादक बेला फ्लेकचं नाव पुढे आपल्याकडे पोहोचलं ते झाकीर हुसेन यांच्यामुळे. ‘ॲज वी स्पीक’ या २०२३ च्या अल्बमवर फ्लेक, एडगर मायर, झाकीर हुसेन आणि बासरीवादक राकेश चौरसिया ही चारही नावं आहेत. २०२४ चं ग्रॅमीही चौघांनी मिळून घेतलं. जुन्या कितीतरी तबकड्यांवर ज्या देशात तबलजीचं नाव छापलं जात नसे, तिथल्या श्रोत्याला त्या चार नावांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

न्यू ग्रास रिव्हायव्हलची शेवटची मैफल ३१ डिसेंबर १९८९ ची, ओकलंडमध्ये, ग्रेटफुल डेडच्या आधी. ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये बँडला जागा मिळाली ती २०२० मध्ये. कर्टनी जॉन्सन १९९६ मध्येच गेला होता. त्याच्या गावाकडच्या जिल्ह्याचं नाव असलेली ‘बॅरन काउंटी’ ही १९७९ ची तबकडी पुढच्या आठवड्यात.