साप 'प्युअर' आहे की 'क्रॉस'? वर्गात काय उत्तर द्यावं



आनुवंशिकतेचा पाठ सुरू झाला की हल्ली वाटाण्याच्या जोडीने सापही वर्गात येतो. मुलं मोबाईलवर अमेरिकेतल्या साप पाळणाऱ्यांचे व्हिडिओ बघतात. त्यात केशरी, पांढरे, गुलाबीसर कॉर्न स्नेक असतात. मग प्रश्न येतो, "बाई, हा प्युअर आहे की क्रॉस?" आपणही फोटो बघून काहीतरी सांगून मोकळे होतो. घरी आईबाबांचंही तेच होतं.

माझं मत असं की इथे दोन उत्तरं सारख्या वजनाची नाहीत. नुसतं बघून "हा संकर दिसतोय" असं कधी कधी म्हणता येतं. "हा शुद्ध आहे" असं मात्र नुसतं बघून कधीच म्हणता येत नाही. संकराच्या खुणा दिसू शकतात, पण खुणा दिसल्या नाहीत म्हणजे संकर झालेलाच नाही, असं होत नाही. एवढा एक मुद्दा मुलांना नीट समजला तरी तो तास सत्कारणी लागला, असं मी म्हणेन.

उदाहरण घेऊ. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. कॅलिफोर्निया किंगस्नेक हा पश्चिमेकडचा, वेगळ्याच वंशातला. जंगलात या दोघांची गाठ पडत नाही, पण पाळणाऱ्यांनी त्यांचा संकर केला आणि त्या पिल्लांना 'जंगल कॉर्न' हे नाव पडलं. कॉर्न स्नेकच्या पाठीवरच्या खवल्यांना किंचित उंचवटा असतो, किंगस्नेकचे खवले गुळगुळीत. गुदद्वार झाकणारा खवला कॉर्नमध्ये दुभंगलेला असतो, किंगस्नेकमध्ये अखंड. कॉर्नच्या पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी नक्षी आणि डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते. पहिल्या पिढीच्या संकरात या सगळ्याची सरमिसळ होते, आणि जाणकार माणूस ती ओळखू शकतो.

खरी गंमत पुढे आहे. हे संकरित साप वांझ नसतात. (दहावीच्या पुस्तकात प्रजातीची व्याख्या सांगताना 'फलनक्षम संतती' हा शब्द येतो. त्यातला 'नैसर्गिक' हा शब्द मुलं पाठ करतात आणि विसरतात. तो अधोरेखित करायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.) अशा संकराची जोडी पुन्हा कॉर्नशी लावली, त्यांच्या पिल्लांची पुन्हा कॉर्नशी, असं दोन-तीन पिढ्या केलं की किंगस्नेकचा वाटा निम्म्यावरून सरासरी 25 टक्के, मग 12.5, मग 6.25 असा उतरत जातो. आता खवले मोजून काय हाती लागणार? साप कॉर्नसारखाच दिसतो आणि कॉर्न म्हणूनच विकला जातो.

रंगावरून ठरवणं तर त्याहून फसवं. काळं रंगद्रव्य नसलेला केशरी कॉर्न स्नेक हा संकर असेलच असं नाही. तो एका अप्रभावी जनुकाचा खेळ आहे, मेंडेलच्या बुटक्या वाटाण्यासारखा. इथे मुलांचा एक गोंधळ हमखास होतो. मेंडेलच्या पाठात 'शुद्ध उंच' म्हणजे त्या एका गुणाची दोन्ही जनुकं सारखी. तो 'शुद्ध' वेगळा आणि शुद्ध प्रजातीतला 'शुद्ध' वेगळा. केशरीपणाच्या बाबतीत दोन्ही जनुकं सारखी असलेला साप दुसऱ्या प्रजातीशी झालेल्या संकरातूनही आलेला असू शकतो. हे फळ्यावर वेगळं मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शिवाय 'शुद्ध' आणि 'जात' हे शब्द आपल्याकडे शेजारी आले की वर्गात नको ते अर्थ घेऊन येतात. मी तरी 'वंशावळ माहीत आहे' आणि 'वंशावळ माहीत नाही' असंच म्हणते. ते शास्त्रीयदृष्ट्याही जास्त खरं आहे. संकर असणं हा सापाचा दोष नाही. दोष असलाच तर खोट्या चिठ्ठीचा. पालकांना हे आंब्यावरून लगेच पटतं. नीलम आणि हापूसच्या संकरातून कोकण कृषी विद्यापीठाने 'रत्ना' काढला, तो रत्ना म्हणूनच विकला जातो, कुणाची तक्रार नाही. पण कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत घालून आला की आपण चिडतो. कॉर्न स्नेकमध्येही 'ओकीटी' हे मुळात दक्षिण कॅरोलिनातल्या एका जागेचं नाव. आता ते भडक लाल पट्ट्यांच्या कुठल्याही सापाला लावलं जातं.

मग डीएनए तपासणी? ती उपयोगी आहे, पण कसली तपासणी तेही विचारायला हवं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे वडिलांबद्दल तो काही सांगत नाही. आणि नोंदवहीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सापाची मादी नराचं शुक्रद्रव्य महिनोन्‌महिने साठवून ठेवू शकते. यंदाच्या पिल्लांचा बाप गेल्या हंगामातला नर असू शकतो.

हा सगळा पाळणाऱ्यांचा हौशी वाद आहे असं वाटत असेल, तर फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्सकडे बघा. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले बर्मी अजगर तिथल्या दलदलीत माजले आहेत. अमेरिकी सरकारच्या शास्त्रज्ञांनी त्यांतल्या सुमारे 400 सापांची जनुकीय तपासणी केली. 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात किमान 13 सापांमध्ये भारतीय अजगराचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही असणाऱ्या प्रजातीचा, अंश सापडला. बघायला ते बर्मीच होते! आपल्याकडे भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो पाळता येत नाही. पण परदेशी साप चोरून आणल्याच्या बातम्या आपल्या विमानतळांवरूनही येतात. असा वंश माहीत नसलेला पाहुणा घरातून निसटला किंवा कुणी 'दया येऊन' जंगलात सोडला, तर काय होईल, यावर मुलांना चर्चा करू द्या.

वर्गात करण्यासारखा एक खेळ सांगते. बऱ्याच सापांत गुणसूत्रांच्या 18 जोड्या असतात, म्हणून प्रत्येक गटाला 18 नाणी द्यायची. ही पहिल्या संकरातली किंगस्नेककडून आलेली गुणसूत्रं. सगळी उडवायची. छापा पडला तर ते पुढच्या पिढीत गेलं, काटा पडला तर बाजूला काढायचं. उरलेली पुन्हा उडवायची. अशा चार फेऱ्या करा. काही गटांकडे एकही नाणं उरत नाही, काहींकडे दोन-तीन उरतात. वंशावळ मात्र सगळ्यांची अगदी एकच! (प्रत्यक्षात गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदलही होते, ते मोठ्या मुलांना सांगावं.) शून्य उरलेल्या गटाला विचारा, तुमच्या सापाच्या चिठ्ठीवर काय लिहाल? आमच्याकडे यावर अख्खी मधली सुट्टी भांडण झालं. आणि हो, नाणी मोजून परत घ्या, दोन-चार कमीच भरतात.